कासमभाईंचा भोंगा

कासमभाई बोट चालवताना चपला काढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे राहायचे. बाकीचे काठावर खुर्च्या टाकून, छत्र्या रोवून. विचारलं तर म्हणायचे, "पाय पाण्यात असले की बोट लांब वाटत नाय."

बोट म्हणजे हातभर लांबीची, बॅटरीवर चालणारी, रिमोटनं वळवायची. आखातात एका बंदरावर क्रेन चालवताना त्यांना हा नाद लागला. दासगावला कायमचे परतले तेव्हा ब्लँकेटं आणि अत्तराच्या बाटल्यांबरोबर एक पिवळी बोटही आली. तिच्यावर त्यांनी बायकोचं नाव रंगवलं, खैरुन. "घरातली खैरुन ऐकत नाय, ही तरी ऐकते," असं ते सगळ्यांना सांगायचे. त्यावर खैरुनभाभी आतून म्हणायच्या, "तिला कान नाहीत म्हणून."

त्यांच्यामुळे महाड-पोलादपूरकडची आम्ही थोडी माणसं नादावलो. पोलादपूरच्या वरच्या अंगाला एक पाझर तलाव आहे. हिवाळ्यात तिथे शर्यत लागायची, पुण्या-मुंबईचेही यायचे. शर्यत वेगाची नाही, टिकण्याची. नारिंगी रंगवलेले रिकामे कॅन पाण्यात नांगरून ठेवायचे आणि दोन तास त्यांना फेऱ्या मारायच्या. बॅटरी उतरली की बोट काठाला आणायची, बॅटरी बदलायची, पुन्हा सोडायची. फेऱ्या जास्त त्याचा नंबर. नवखे सुरुवातीलाच बोट पिटाळायचे आणि ती तलावाच्या मधोमध मरायची. मग कासमभाई त्यांना हाक मारून विचारायचे, "काय रे, पाहुण्यासारखा आलास आनी चाललास पन?"

चालवणाऱ्यानं आपल्या बोटीवरची नजर काढायची नसते. म्हणून प्रत्येकाच्या शेजारी एक सांगणारा असतो. डावीकडून कोण येतंय, वाट कुठे मोकळी आहे, हे तो अखंड बोलत राहतो. कासमभाईंचा सांगणारा मी. माझं पोलादपूरला औषधांचं दुकान आहे. लोकांची दुखणी पोटात ठेवण्याचा धंदा, त्यामुळे मी मुळातच कमी बोलतो. घरी बायको म्हणायची, तुमचं तोंड फक्त तलावावर उघडतं. खरं होतं ते.

एके दिवशी कासमभाईंनी काउंटरवर चिठ्ठी ठेवली. डोळ्यांत घालायचे थेंब. काचबिंदू. मी वर बघितलं, तर ते रस्त्याकडे बघत होते. "बाजूचं जातंय हळूहळू. नळीतून बघितल्यासारखं दिसतं. कोणाला बोलू नको, नायतर मला खुर्चीवर बसवतील."

मी कोणालाच बोललो नाही. तेव्हापासून माझं सांगणं बदललं. आधी मी दुसऱ्यांच्या बोटी सांगायचो, आता त्यांची स्वतःचीच सांगू लागलो. "कॅन आला. थोडं थांबा. आता वळा. सरळ." ते तंतोतंत वळवायचे. काठावरच्यांना पत्ता नव्हता. "तुझं तोंड बंद, म्हणजे माझे डोळे बंद," असं ते एकदा गाडीत म्हणाले आणि स्वतःच हसले.

त्या साली पुण्याच्या एका संघानं पिवळीच बोट आणली होती. शर्यतीआधी चहा पिताना त्यांच्यातल्या एकानं विचारलं, "चाचा, हे तुमचे कोण?"

"हा? हा माझा भोंगा हाय."

सगळे हसले. मीही हसलो. पण लागलं ते आत कुठेतरी लागलं. अर्धी शर्यत झाली, आम्ही पुढे होतो. एका वळणावर माझा शब्द किंचित उशिरा निघाला आणि बोट कॅनला घासली. कासमभाई सगळ्यांसमोर ओरडले, "झोपलास काय रे? जा, दुकानात गोळ्या इकत बस."

पुन्हा हशा झाला. आणि मी तोंड मिटलं.

एकच वळण गप्प राहायचं, असं ठरवलं होतं. पलीकडच्या कॅनपाशी खैरुन वळली नाही. ती तशीच सरळ जाऊन दगडांवर चढली आणि आडवी झाली. त्याच वेळी पुण्याची पिवळी बोट कॅनवरून झोकात वळली. ती कासमभाईंच्या नळीत आली. ते तिच्याकडे बघत अंगठे हलवू लागले. ती वळली की अंगठा वळायचा. चेहऱ्यावर समाधान. "कशी जाते बघ," ते मला म्हणाले.

मी बघत होतो. तेव्हा तरी बोलता आलं असतं.

काठावरचे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी तो पुण्याचाच माणूस जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "चाचा, ती आमची आहे. तुमची तिकडे दगडात."

कासमभाईंनी रिमोट खाली केला. पाण्यातून बाहेर आले, पायानं चाचपत चपला शोधल्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "याचा घसा बसला हो. दोन तास बोलायचं म्हणजे मस्करी हाय?" आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

मी मान हलवली. हो, घसा बसला.

पुढे थेंब न्यायला येत तेव्हा औषधवाल्याला, म्हणजे मला, ज्येष्ठमधाची कांडी आणून देत. "घसा कसा हाय?" मी म्हणायचो, अजून बसलेलाच आहे. त्यांच्या शेजारी पुन्हा उभं राहण्याची मला लाज वाटत होती आणि लाज वाटते हे सांगण्यापेक्षा घसा सोपा होता. हिवाळा आला, शर्यत लागली, ते गेले नाहीत. पुढच्या हिवाळ्यातही नाहीत. मग दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळलं की कासमभाई झोपेतच गेले.

मी दासगावला गेलो. खैरुनभाभींनी चहा दिला. बोट कपाटावर होती, पुसलेली. "मी म्हणायची, दुसरा कोणी बघा सांगायला," भाभी म्हणाल्या. "तर म्हणायचे, सुधीरचा घसा सुटू दे. बॅटऱ्या भरून ठेवायचे नुसत्या."

तेव्हा मी सांगितलं. घसा बसला नव्हता, मी मुद्दाम गप्प राहिलो होतो, आणि नंतरही दर वेळी खोटंच सांगितलं. चहा निवून गेला. भाभींनी पदर सारखा केला.

"मग बोलायचं होतंत ना, भाऊ," त्या म्हणाल्या. "ते वाट बघत होते."