शांताच्या दुखऱ्या हाताचं इंग्रजी नाव

आता काय सांगावं, शेजारणीच्या पोरीचं जमत आलेलं लग्न मी एकदा मोडायला निघाले होते! तेही निव्वळ चांगुलपणानं!

शेजारच्या गोदाबाईंची शांता. तिचा उजवा हात दुखायला लागला. पडली न्हाई, कुठं लागलं न्हाई. परभणीच्या डॉक्टरला दाखवून आले. गोदाबाई नीट सांगेनात, म्हणून मी शांताच्या बापाला गाठलं. तो आठवून आठवून म्हणाला, "नॉन ट्रॉमॅटिक हँड पेन."

अहो, टी.बी. नुसता दोन अक्षरांचा, तर माणसाची हाडं मोजून घ्यावीत. हा चार शब्दांचा काय करील? सातवी शिकलेय मी, एवढं तर कळतं!

आणि दोनच दिवसांत ताडकळसचे पाहुणे शांताला बघायला येणार. मुलगा कंपाउंडर, लय चांगलं स्थळ. मी गोदाबाईला धीर दिला, आजाराचा वास लागू देत न्हाई मी कुणाला. ती म्हणाली, कसला आजार? मनात म्हटलं, अरेरे, हिला कुणी सांगितलंच न्हाई.

पाहुणे आले, पोहे झाले. मुलीला भाकरी थापायला लावायची आमच्याकडं रीत. मुलाच्या आत्यानं शांताला बसवलं. शांता हात घालायच्या आत मी परात ओढली.

"मी थापते की."

"लग्न तुमचं हाय का?" आत्यानं विचारलं.

म्हटलं, "पोरीच्या हाताला आजार हाय. पण तुमी घाबरू नका, नाव इंग्रजी हाय." आणि ते नाव घडाघडा म्हणून दाखवलं.

मुलाच्या बापानं गुपचूप टोपी डोक्यावर चढवली. गोदाबाईंनी पदर डोळ्याला लावला. शांता तर माझ्याकडं अशी बघायला लागली, की परातच डोक्यात घालते!

तेवढ्यात मुलगा हसायला लागला. "बसा हो बाबा. मार न लागता हात दुखायलाय, एवढाच त्याचा अर्थ. आमचे डॉक्टर रोज लिवतात." मग त्यानं शांतालाच विचारलं, काम काय करता?

"कापूस वेचायलेय, महिनाभर," ती खाली बघून म्हणाली.

आत्याचा चेहराच खुलला. हात दुखेपर्यंत कापूस वेचणारी सून कुणाला नको? तिथंच सुपारी फुटली. मग आत्या माझ्याकडं वळली.

"हाताचं कळलं. ह्या बाईंच्या तोंडाला काय म्हणतात रे डॉक्टर?"

"तोंड त्यांचं कुठं दुखतंय, आत्या?" पोरगा म्हणाला. "दुखतं ते शेजाऱ्यांना."