एका ओढीत सुटणारी गाठ

मंगळवारी सकाळी सुभद्राताई गेली. ती नोकरी करायची त्या गुरांच्या दवाखान्यातला शिपाई सायकलवर नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या शाळेत आला आणि ग्रंथालयाच्या दारात उभा राहिला. मी पुस्तकांवर क्रमांक घालत होते. तो म्हणाला, "बाई गेल्या." मी हातातलं पुस्तक पूर्ण केलं, क्रमांक नीट घातला आणि मग उठले. असं मी का केलं ते आज दीड महिन्यानंतरही मला सांगता येत नाही.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आमचं लहानपण गावात गेलं असतं, पण छप्पन साली बाबा दीक्षेसाठी आईला आणि आम्हा दोघींना घेऊन नागपूरला चालत आले आणि परत गेलेच नाहीत. गावात मेलेलं जनावर ओढून नेणं हे आमच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं काम होतं. ते बाबांनी त्या दिवशी सोडलं. ज्या दोरानं ओढायचे तो दोर गावच्या घरात खुंटीला तसाच राहिला. इथं त्यांना कापडगिरणीत काम मिळालं, इंदोऱ्यात दोन खोल्या मिळाल्या, आणि गावातल्या त्या कामाबद्दल आमच्या घरात कधीच कोणी बोललं नाही.

मॅट्रिक झाल्यावर ताईला नर्स व्हायचं होतं. माणसांच्या दवाखान्यात दोनदा मुलाखत झाली, दोन्ही वेळा नाव यादीत आलं नाही. तिसऱ्या वेळी नोकरीच्या कचेरीतल्या कारकुनानं तिला थट्टेनं सांगितलं, की लकडगंजापलीकडच्या गुरांच्या दवाखान्यात ड्रेसरची एक जागा आहे, मलमपट्टीची, पण तिथं आजवर कोणी बाई गेली नाही. ताईनं त्याच्याकडून पत्ता लिहून घेतला. तिथल्या डॉक्टरांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं म्हणे, आणि एक महिना ठेवून बघू म्हणाले. जखम धुणं कोणीही शिकतं, पण बैल पाडल्यावर त्याचे पाय बांधता आले पाहिजेत. ते जमलं तर जागा तिची.

हे तिनं घरी सांगितलं तेव्हा बाबा जेवत होते. म्हणाले, "ज्या ढोराईपासून आपण सुटलो, त्याइच्याच मागं काहून जातं वं पोरी?"

ताई म्हणाली, "बाबा, थे मेलेले होते. मी जित्याइकडं जाऊन राहिली."

बाबांनी ताट सरकवलं. त्यानंतर तीन आठवडे ते तिच्याशी बोलले नाहीत. सकाळी ती डबा घेऊन निघाली की ते मुद्दाम भिंतीकडे तोंड करून विडी ओढत बसत. आई मधल्यामधे दोघांचे निरोप पोचवायची. एकदा वैतागून म्हणाली, "मी काय पोस्टमन हाओ काय?" तेव्हा दोघंही हसले, पण एकमेकांकडे पाहून नाही.

इथं आमच्या घरातल्या एका सवयीबद्दल सांगायला हवं. बाबा सगळं एकाच गाठीनं बांधत. विहिरीची बादली, सुटलेली खाट, माझी शाळेची पुस्तकं, सगळं. दोन वेढे, मग त्यातून फास, आणि जितकं ओढाल तितकी ती गाठ आवळत जायची. सोडायची तर दात लावावे लागत, नाहीतर विळीनं कापावी लागे. आम्ही दोघी बहिणी पाहून पाहून तीच शिकलो. घरातली गाठ ती हीच, एवढंच आम्हाला माहीत. ती आली कुठून, हे आम्ही कधी विचारलंच नाही.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी एक बैल आला, खुराच्या वर फाटलेला. माणसांनी त्याला पाडलं, आणि ताईनं पाय बांधले. डॉक्टरांनी टाके घातले आणि म्हणाले, सोड. तिला सोडता येईना. बैल उठायची धडपड करू लागला, तसतसा दोर घोट्यात रुतत गेला. शेवटी गणपतकाका म्हणून तिथले जुने परिचर होते, त्यांनी चाकूनं दोर कापला. त्यांनी कापलेला तुकडा हातात घेऊन पाहिला आणि ताईला हळूच म्हणाले, "बाई, ही गाठ जित्या जनावराची नोहे." मागं उभे असलेले दोघेतिघे हसले. त्यातला एकजण आणखी काही बोलला. ते काय होतं, हे ताईनं मला शेवटपर्यंत सांगितलं नाही... डॉक्टर रागावले नाहीत. महिना संपायला आठ दिवस आहेत, तेव्हा पुन्हा बघू, एवढंच म्हणाले.

त्या संध्याकाळी ती जेवायला बसली आणि उठली. आईनं विचारलं तेव्हा तिनं सगळं सांगितलं, गणपतकाकांच्या वाक्यासकट. बाबा समोरच होते. त्यांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी हात धुतले आणि बाहेर जाऊन बसले. मला वाटलं, आता ते तिला नोकरी सोडायला सांगतील. ताईलाही तसंच वाटलं असणार, कारण ती आपला डबा घासूनपुसून फळीवर पालथा ठेवून झोपली.

दुसऱ्या दिवशी गिरणीला सुट्टी होती. बाबा सकाळीच कुठंसे गेले आणि दिवेलागणीला परतले तेव्हा त्यांच्या धोतराला लाकडाचा भुसा लागलेला होता. दिवसभर ते लकडगंजात लाकडाच्या वखारींपाशी गाडीवानांजवळ बसून होते. गाडीवान बैल कसे बांधतात, कसे सोडतात, ते पाहत. आल्याबरोबर त्यांनी अंगणात खाट उलटी केली, तिचे चार पाय वर.

"सुभद्रे, इकडं ये. हा बैल समज."

ताई आली. बाबांनी वाळणीची दोरी काढली, खाटेच्या दोन पायांना वेढे दिले आणि शेवटचं टोक दुमडून आत सारलं. मला म्हणाले, हलव खाट. मी जोर लावून हलवली, गाठ हलली नाही. मग त्यांनी ते टोक दोन बोटांनी ओढलं आणि सगळी दोरी एकदम मोकळी होऊन खाली पडली. ताई पाहतच राहिली.

"माह्या बापानं मले एकच गाठ शिकवली होती," बाबा म्हणाले. "थे मेलेल्याची. जित्याची मी आज शिकून आलो."

आठ दिवस रोज संध्याकाळी आमच्या अंगणात तो बैल पडायचा आणि उठायचा. आई म्हणायची, या बैलाले कडबा घालू काय? मी खाट हलवून हलवून दमायचे. महिन्याच्या शेवटच्या दिवशी दवाखान्यात खराखुरा बैल पाडला. डॉक्टर म्हणाले, सोड, आणि ताईनं टोक ओढलं. बैल उठला, अंग झाडलं आणि उभा राहिला. गणपतकाकांनी विचारलं, कोणी शिकवली? ताई म्हणाली, "माह्या बापानं."

हे वाक्य तिनं घरी येऊन बाबांना सांगितलं नाही, आईला सांगितलं, बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात. पहिल्या तारखेपासून तिचं नाव हजेरीपटावर लागलं.

पुढं वीसेक वर्षं ती तिथंच होती. बाबा गेले, मग आई. लग्न तिनं केलं नाही. हुडकेश्वरला शेतांच्या कडेला दोन खोल्या बांधल्या आणि तिथून बसनं येत राहिली. जनावराला हात लावण्याआधी ती त्याच्याशी बोलायची, कारण मागून अचानक हात लागला की ते बिचकतं. ही सवय तिला माणसांतही लागली. माझ्या घरी यायची तर फाटकापासूनच सुरू व्हायची, "शालू, मी आली वं, इकडून येऊन राहिली." शेवटच्या आजारात, कावीळ वाढली तेव्हा, एका नर्सनं न बोलता मागून सुई टोचली. ताई त्या पोरीला म्हणाली, "आधी बोलत जा वं माय. बैल असतो तं लाथ बसली असती तुले." ती पोरगी हसली, आणि पुढं रोज दारातूनच बोलत येऊ लागली. मी पाहत होते. ताईला त्याचं किती बरं वाटायचं...

गेल्या हिवाळ्यात ती माझ्याकडे चार दिवस राहिली होती. माझ्या व्हरांड्यातली वाळणीची दोरी सैल झाली होती, ती मी बाबांच्या जुन्या गाठीनं बांधलेली. ताईनं ती विळीनं कापली, मला दोन शब्द ऐकवले आणि नवी दोरी तिच्या पद्धतीनं बांधून दिली. मला शिकवते म्हणाली. मी म्हटलं, पुढच्या वेळी.

ती गाठ मला येत नाही. दोरी अजून तिथंच आहे आणि रोज तिच्यावर कपडे वाळतात.