बंपरखालचा पंखा

माझा शिवराममामा यंत्रांशी जितकं बोलायचा त्याच्या निम्मं जरी माणसांशी बोलला असता, तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. रबाळ्याच्या एका कारखान्यात तो मेंटेनन्सला होता आणि सुट्टीच्या दिवशी तळवलीला, ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये गाड्या दुरुस्त करायचा. हाताला गुण होता, यात वाद नाही. पण डोक्यात एखादी कल्पना शिरली की जेवणाची शुद्ध राहायची नाही, आणि मामी ताट झाकून झाकून कंटाळायची.

पंच्याऐंशी साली अशीच एक कल्पना शिरली ती नामाच्या अँबेसेडरमुळे. नामा तळवलीचाच, मामाचा जिवाभावाचा दोस्त. जुन्या अँबेसेडरला डिझेल इंजिन बसवून तो ती भाड्याने चालवायचा. ते इंजिन तापायचं. तापलं की ऑईल पातळ व्हायचं आणि डॅशबोर्डवर लाल दिवा लागायचा. मामाने भंगारातून एक ऑईल कूलर आणला. कूलर म्हणजे छोटा रेडिएटरच, फक्त त्यातून पाण्याऐवजी ऑईल फिरतं. वर जागा नव्हती म्हणून तो त्याने बंपरखाली बसवला. गाडी पळत असली की समोरचा वारा लागून ऑईल थंड राहायचं, पण नाक्यावर अडकली की पुन्हा तेच रडगाणं. मग मामा कुर्ल्याच्या भंगारबाजारात गेला आणि कुठल्याशा विलायती गाडीचा विजेचा पंखा घेऊन आला. तो त्याने कूलरच्या मागे लावला आणि स्टिअरिंगखाली बटण दिलं.

पंखा पहिल्यांदा चालू केला तेव्हा शेडपुढे हीऽ गर्दी. मे महिना, अंगाची लाही होत होती. मामाने बटण दाबलं, बंपरपुढे उकिडवा बसला, तळहात धरला आणि लहान पोरासारखा हसला. "लागला! वारा लागला!" नामाने पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि बंपरला पाय लावून उभा राहिला. "आयला शिवराम, यो तं थंडगार वारा हाय रं!" मग सगळ्यांनी आळीपाळीने वारा खाऊन घेतला. मीही. पंखा चांगला की वाईट हे आपण असंच ठरवतो, त्याच्यापुढे बसून. कुणाला काही खटकलं नाही.

मामाला हे सगळं घाईने करायचं होतं, कारण त्याला त्याच गाडीतून आजीला आणायचं होतं. माझी आजी, भिमाबाई, खेड तालुक्यातल्या आमच्या गावी राहायची. मामाला वाशीला सिडकोचं घर मिळालं होतं, एक खोली आणि स्वयंपाकघर. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या खोल्यांत काढल्यावर हक्काचं दार मिळालेलं, आणि त्या दारातून आईने आत यावं एवढंच त्याच्या मनात होतं. आजीला एसटी लागायची; गाव सुटायच्या आधीच उलट्या सुरू. मोटारीने दारातून दारात आणतो म्हटल्यावर ती कशीबशी तयार झाली.

तिच्या सोबतीला म्हणून मी गेले होते. बेलापूरला टायपिस्टची नोकरी नुकतीच लागली होती, ती रजा मी कशी मिळवली ते विचारू नका. जाताना रिकामी गाडी पहाटेच्या गारव्यात सहज गेली. निघताना मात्र आजीने घरच्या तांदळाची गोणी दारात आणून ठेवली. "आई, वाशीत तांदूळ मिळतात," मामा म्हणाला. "पोराच्या नव्या घरात हात हालवीत येऊ व्हय?" आजी म्हणाली. गोणी डिकीत गेली.

भर दुपारी कशेडीचा घाट लागला. अर्ध्या चढावर नामाने विचारलं, "पंखा बंद करू काय रं?" मामा ठामपणे म्हणाला, "हात लावू नको. चढावरच तर त्याचं काम." थोड्याच वेळात लाल दिवा लागला. नामा गाडी कडेला घेतोय तोवर आतून हातोडे पडल्यासारखा आवाज झाला आणि इंजिन बसलं.

आजी उतरली. तिने गाडीभोवती एक फेरी मारली आणि नामाला म्हणाली, "बाबा, ती गोणी काढ आधी." नामाने तिची समजूत घातली, पण ती ऐकेना. शेवटी गोणी रस्त्यावर ठेवली. "आता चालू कर." इंजिन हललंही नाही. "माज्या गोणीनं गाडी बसली," आजी म्हणाली. मामा बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होता. त्याने ऐकलं, पण मान वर केली नाही.

एसटीने पुढे जायला ती तयार होईना. खेडकडे जाणारी एक जीप थांबली, तिच्यातून मी आजीला गावी परत नेलं. सबंध वाटेत ती अंग चोरून बसली होती. मला वाटलं, मळमळतंय.

गाडी ओढून तळवलीला आणल्यावर मामाने कूलर काढून उजेडात धरला. आमच्या रस्त्याला खडी फोडायच्या क्रशरची पांढरी धूळ असायची. ती कूलरच्या पुढच्या अंगाला बसायला हवी होती. पुढचं अंग स्वच्छ होतं. धूळ सगळी मागे, पंख्याच्या बाजूला. पंख्याने पुढचा वारा आत ओढायला हवा होता, तो आतला वारा पुढे फेकत होता. नाक्यावर उभ्या गाडीत तेही चालून जायचं. पण चढावर समोरून येणाऱ्या वाऱ्याशी त्याची झुंज लागली आणि कूलरमधून वाराच जाईना. बटण बंद केलं असतं तरी गाडी घाट चढली असती. आम्ही सगळ्यांनी जो वारा खाल्ला, तीच चूक होती. पंख्याच्या दोन्ही वायरी एकाच रंगाच्या होत्या. मामाने त्या उलट्या जोडल्या होत्या, म्हणून पंखा उलटा फिरत होता.

नामाला त्याने त्याच दिवशी सांगितलं. नामा चिडला, दोन शिव्या दिल्या आणि चहा मागवला. मामाने सुट्ट्या घालवून इंजिन नवं करून दिलं. पण आजीला सांगायला त्याची जीभ रेटेना. माझ्या पोराला इंजिनातलं सगळं कळतं, असं ती गावभर सांगायची. पावसाळ्याच्या तोंडाला गावचं कुणी वाशीला आलं, त्याच्याबरोबर तिने विचारलं होतं, गाडी नीट झाली का? मामाने उलट निरोप धाडला, झाली म्हणावं. एवढाच. त्या निरोपात आणखी एक वाक्य सहज मावलं असतं. मला त्याचा अजून राग येतो, आणि तितकीच कीवही येते. दिवाळीनंतर पुन्हा आणू, मग सांगू, असं तो मामीला म्हणायचा.

भाद्रपदात आजी गेली. गावच्या घरी तिच्या पुण्यानुमोदनाचा, मृत्यूनंतरच्या बुद्धवंदनेचा, कार्यक्रम आटोपल्यावर माणसं पांगली आणि शेजारची गोजरा मामापाशी येऊन बसली. आजीचं शेवटचं सगळं तिनेच केलं होतं.

"ताप चढला तवा आमच्या ह्यांनी जीप आणली व्हती, दारापत्तुर," गोजरा म्हणाली. "चढलीच नाय. म्हनं, मी बसले की गाड्या बसतात. नामाची बसली, आता या गरिबाची नको. किती इनवलं. डोलीची मानसं जमवूस्तवर लय येळ झाला रं शिवराम."

मामा म्हणाला, "गोजराबाय, तिचं वजन नव्हतं ते. पंखा मी उलटा लावला होता."

गोजराला पंख्यातलं काही कळलं नाही. पण ती म्हणाली, "मग तिला सांगायचं व्हतंस."