घरनी गाडी

गाडीचं दार उघडण्याआधी नाना टपावर दोनदा टकटक करायचे. आत कुणी नसायचं, तरी करायचे. मग दार उघडून खांद्यावरच्या टॉवेलने सीट झटकायचे आणि म्हणायचे, "बठा, घरनीच गाडी शे."

लिंबायतच्या आमच्या गल्लीत ज्याचं लग्न झालं, त्याने हे वाक्य ऐकलेलं आहे. वरात असो, सासरी निघालेली मुलगी असो, दवाखान्यातून घरी येणारी बाळंतीण असो, गाडी नानांची. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. त्याच्याकडे मागायला कुणाला संकोच वाटत नाही, आणि तो आपल्याला किती लागतो हे कुणी कधी मोजत नाही.

माझं ब्लाउज शिवायचं दुकान त्यांच्या घरासमोर आहे. मशीनवर बसलं की समोर ती गाडी दिसायची. पांढरी, लांब नाकाची, आता रस्त्यावर कुठेच न दिसणारी. पलसाण्याच्या एका डाइंग मिलच्या शेठकडे नाना ड्रायव्हर होते. शेठने नवी गाडी घेतली तेव्हा जुनी नानांना देऊन टाकली. गल्लीत ती आली त्या दिवशी नानांनी तिला कुंकू लावलं आणि जमलेल्या लोकांना स्टिअरिंगच्या मधोमध थोपटून दाखवलं. "याना मझार फुगा शे. ठोकर लागनी का फुगस, मानूस वाची जास." डाव्या बाजूलाही, समोरच्या कप्प्यावर, दुसरा फुगा होता. एअरबॅग हा शब्द आम्हाला फार नंतर कळला. आमच्यासाठी तो फुगाच.

त्या दुसऱ्या फुग्यामुळे पुढची सीट मानाची झाली आणि ती माझ्या सासूबाईंनी बळकावली. त्यांना सगळी गल्ली जिजी म्हणते. गुडघे गेलेले, कान कमी, तेही सोयीप्रमाणे. कुणाचंही लग्न असो, जिजी सगळ्यांच्या आधी गाडीपाशी हजर. टपावर पंजा टेकून उभ्या राहायच्या. नानांची टकटक त्यांना ऐकू यायची नाही म्हणे, पण तळहाताला कळायची. कळली की मग बसायच्या, नवरदेवाच्या वरताण रुबाब करत.

एकदा दुपारी नाना दुकानात आले. हातात जुन्या सुती लुगड्यांचं गाठोडं. त्यांना स्टिअरिंगच्या मधल्या भागावर चढेल असं गोधडीचं कव्हर हवं होतं. डाव्या बाजूच्या कप्प्यावरही तसंच, रुंद.

"नाना, गाडीला थंडी वाजते का?" मी विचारलं.

"तू शिव वो माय. जाड शिवजो."

मी चार पदर घातले. त्यांनी हाताने दाबून पाहिलं आणि आणखी घालायला सांगितलं. शेवटी सुई मोडली तेव्हा थांबले. मी लाल दोऱ्याने कडेला वेलही काढला आणि दिवसभर गिऱ्हाइकांना सांगत बसले की नानांची गाडी आता बाळंतीण झाली, तिला बांधून ठेवलंय. बायका हसल्या. गल्लीतल्या दोन रिक्षावाल्यांनी तसंच कव्हर माझ्याकडून हौसेने शिवून घेतलं. त्या हसण्याची आज मला लाज वाटते, पण तेव्हा कळायला काही मार्गच नव्हता.

त्यानंतर नाना बदलले. गाडी इतकी हळू चालवायला लागले की वरातीतले नाचणारे पुढे निघून जायचे आणि नवरदेव मागे राहायचा. पुढच्या सीटवर आहेराच्या पिशव्या, हारांच्या टोपल्या, काहीही रचून ठेवायचे. जिजी आल्या की म्हणायचे, "आज जागा नही, जिजी." जिजी मागे बसायच्या आणि रस्ताभर नानांच्या मानेकडे रागाने बघायच्या. आम्ही म्हणायचो, वय झालं नानांचं.

मग श्रावणात कानबाई बसली. खानदेशातली माणसं जिथे जातात तिथे कानबाई नेतात. नारळाला नथ घालायची, चौरंगावर बसवायची, रात्रभर गाणी म्हणायची आणि सकाळी डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर जायचं. ज्यांना तापीपर्यंत चालवत नाही अशा म्हाताऱ्या मागून नानांच्या गाडीत. त्या सकाळी नाना पुढच्या सीटवर पिशव्या ठेवायला विसरले. ते देवीच्या पाया पडायला वाकले होते, तेवढ्यात जिजींनी टकटकीची वाट न पाहता दार उघडलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

नानांनी मान वर केली. "उतरा! जिजी, खाले उतरा!"

या माणसाचा आवाज चढलेला आम्ही कुणी ऐकला नव्हता. डफ थांबला. जिजींना वाटलं नाना गंमत करताहेत, त्या हसल्या. तेव्हा नानांनी त्यांचा दंड धरून त्यांना बाहेर ओढलं. ऐंशीच्या पुढची बाई, नवं लुगडं नेसलेली, कानबाईसमोर, सगळ्या गल्लीदेखत. माझ्या नवऱ्याने नानांचा हात झटकला.  जिजी पदर डोळ्यांना लावून रिक्षात बसल्या आणि तापीवर पोचेपर्यंत तो खाली आला नाही.

दुसऱ्या दिवशी नाना दुकानाच्या पायरीशी उभे राहिले. मी मान वर केली नाही. खरं सांगायचं तर बोलायचंच नव्हतं मला. तेच बोलायला लागले, हळू, दाराच्या चौकटीकडे बघत.

शेठच्या ऑफिसातून त्यांना फोन आला होता. गाडी बनवणाऱ्या कंपनीचा निरोप होता की या जुन्या गाड्यांच्या दोन्ही फुग्यांमध्ये खोट आहे. फुगा फुटताना आतल्या लोखंडी डबीच्या ठिकऱ्या उडतात आणि समोर बसलेल्याच्या गळ्यात, छातीत घुसतात. शोरूमला या, फुकट बदलून देऊ, तोवर गाडी चालवू नका.

"कधी आला हा फोन?"

"मांगला उन्हायामा."

म्हणजे वर्ष उलटून गेलं होतं.

"मग गेला का नाहीत?"

त्याच आठवड्यात गल्लीत लग्न होतं. शब्द दिलेला होता. एवढं झालं की जाऊ म्हणाले. ते पार पडलं, दुसरं आलं. "एक डाव चालाडी टाकी ना माय. मंग त्या इचारतीन, सांगं तरी कसाले चालाडी? कोनतं तोंड लिसन जाऊ?" नको सांगूनही गाडी का चालवली, असं शोरूमवाले विचारतील याची त्यांना धास्ती होती, आणि जितके दिवस जात होते तितकं जाणं अवघड होत होतं. म्हणून त्यांनी आपल्या डोक्याने इलाज काढला. पुढे कुणाला बसवायचं नाही, गाडी रांगत न्यायची, आणि फुग्यांना गोधडीने बांधून टाकायचं. ठिकऱ्या उडाल्याच तर लुगड्यांच्या पदरांत अडकतील.

मी काढलेला लाल वेल माझ्या डोळ्यांसमोर आला.

"आते कोनले म्हनू मी, बठा म्हनीसन?" नाना म्हणाले. "फुगा दखाडी दखाडी लोकेसले बसाडं मी. माले लाज वाटस."

माझ्याकडून एकदा कच्च्या दोऱ्याचं रीळ वापरलं गेलं होतं. तेव्हा बायकांना घरोघर निरोप धाडून मी ब्लाउज परत मागवले आणि पुन्हा शिलाई मारली. कुणी आली, कुणी नाही. मी नानांना ते सांगितलं. म्हटलं, बोलावणाऱ्यालाच आधी लाज वाटलेली असते, तुम्ही नुसतं जायचंय. चला, मी येते.

शोरूमच्या काचेच्या दारापाशी नानांनी चपला काढल्या. आतल्या मुलीने धावत येऊन गुजरातीत सांगितलं, "काका, चप्पल पहेरी राखो ने." त्यांनी घातल्या, पण चालले अनवाणी असल्यासारखेच. पांढरी गाडी बघून कारागीर गोळा झाले. "आ तो क्लासिक छे," एक जण म्हणाला आणि बॉनेटवरून हात फिरवला. एरवी नाना दोन दिवस त्या शब्दावर जगले असते.

मुलीने कॉम्प्युटरवर पाहिलं. पार्ट कधीचे येऊन पडलेले होते. मग तिने तो प्रश्न विचारलाच, अगदी सहज, सगळ्यांना विचारतात तसा. "फोन आव्या पछी गाडी चलावी छे, काका?" फोन आल्यानंतर गाडी चालवलीत का?

"चलावी छे," नाना म्हणाले.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त "अच्छा" म्हणाली आणि पुढचं बटण दाबलं. कारागिराने आतून विचारलं, हे गाठोडं कसलं आहे, आणि माझी गोधडी कापून काढली. वर सांगितलं की असं काही बांधलं तर फुगा वेडावाकडा फुटतो, धोका उलट वाढतो. मी भिंतीवरचं पोस्टर वाचत राहिले. नाना माझ्यावरून नजर काढून घेत म्हणाले, "तुनी काय चूक, तू त शिवं फक्त."

काम संध्याकाळच्या आत झालं. नानांनी जुनी डबी बघायला मागितली. हिंगाच्या डबीएवढी होती. 

मला वाटलं, मिटलं. परत येताना मी तर गमतीने म्हटलं की आता जिजींना राणीसारखं पुढे बसवा. नाना हसले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून ते घरोघर जायला लागले. त्या वर्षात जे जे कोणी गाडीत बसले होते, त्या प्रत्येकाच्या दारात. लग्नाचं आमंत्रण द्यायला जावं तसं, धुतलेली टोपी घालून. उंबऱ्याबाहेर उभे राहायचे आणि सांगायचे, तुमच्या पोराची वरात मी नेली, तेव्हा गाडीत खोट होती, मला माहीत होतं, मी सांगितलं नाही. मी म्हटलं, नाना, कशाला आपल्या हाताने आपलं नाव घालवता? कुणाला कळणारही नाही. ते म्हणाले, "माले कळस ना."

बहुतेकांनी चहा दिला. "काही व्हयनं नही ना नाना, सोडा." एका घरात मात्र नवऱ्या मुलाची आई आतून आली, तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली की माझी थोरली सून तेव्हा पोटुशी होती, तीही गाडीत होती. एवढंच म्हणाली. 

सगळ्यात शेवटी आमच्याकडे आले. जिजी ओट्यावर लसूण सोलत होत्या. कानबाईपासून त्यांनी नानांच्या घराकडे तोंड करून बसणंही सोडलं होतं. नाना खाली पायरीवर बसले आणि सांगितलं. जिजींनी कानाला हात लावला. नानांनी मोठ्याने सांगितलं. जिजींनी पुन्हा हात लावला. तेव्हा नानांनी उभं राहून, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात सगळं सांगितलं. फोन, फुगा, गोधडी, दंड धरून ओढलं तेही. खिडक्यांत बायका आल्या. रिक्षावाले बघायला लागले. माझी मान खाली गेली होती.

जिजींनी सालपटं झटकली. "आयकं मी," त्या म्हणाल्या. "पयलाच टाइमले आयकं."

आणि आत निघून गेल्या.

त्यानंतर कुणी नानांशी वाकडं बोललं नाही. हसून बोलायचे सगळे. पण दिवाळीनंतर लग्नं सुरू झाली आणि दारात फुलं लावलेल्या भाड्याच्या गाड्या यायला लागल्या. भांडण नव्हतं हो काही. "मुलाला नवी गाडी हवी होती," "तिकडच्यांनीच ठरवली." माझ्या धाकट्या दिराचं लग्न झालं, तेव्हाही भाड्याचीच आली. घरात गाडीचा विषय निघाला तेव्हा सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि माझ्यासकट कुणीच नानांचं नाव घेतलं नाही. गाडी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा बिनधोक झाली होती आणि तिच्यात बसायला माणूस नव्हतं. नाना रोज सकाळी ती पुसायचे. वरात समोरून गेली की टॉवेल खांद्यावर टाकून आत जायचे, म्हणजे आम्हाला त्यांच्याकडे बघावं लागू नये.

थंडी सरता सरता नाना गेले. चलथाणला मुलाकडे गेले होते, तिथेच झोपेत. मुलगा तिथे साखर कारखान्यात आहे. गाडीही तिकडेच राहिली.

पुढच्या श्रावणात कानबाईच्या सकाळी गल्लीच्या तोंडाशी ती पांढरी गाडी आली. मुलगा चालवत होता. नानांनी सांगून ठेवलं होतं म्हणे, म्हाताऱ्यांना तापीवर न्यायला कानबाईला गाडी जाईल.  कुणी तरी उगाच चौरंगावरची फुलं नीट करायला लागलं.

जिजी काठी टेकत निघाल्या. पुढच्या दारापाशी गेल्या, टपावर पंजा टेकला आणि उभ्या राहिल्या. मुलाला वाटलं त्यांना दार उघडता येत नाही. त्याने आतून उघडलं. जिजी हलल्या नाहीत. डफ वाजायला लागला, चौरंग डोक्यावर चढला, माणसं चालायला लागली, तरी त्या तशाच. मी जवळ गेले आणि टपावर दोनदा टकटक केली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुना हात हलका शे," म्हणाल्या.

मग टपावरचा हात न काढता, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "बठस नाना मी. घरनीच गाडी शे." आणि पुढे बसल्या. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. वर्षभर यातला एक शब्दही आमच्या तोंडून निघाला नव्हता. मुलाने वाकून त्यांचा पट्टा लावला आणि गाडी कानबाईच्या मागे हळूहळू चालू लागली.