पणजोबांच्या समाधीला चुना

मला पणजोबा नव्हते. म्हणजे असणारच, पण लेकीच्या साखरपुड्यात, भरल्या मांडवात, आमचे नांदेडचे व्याही नीळकंठअप्पा आपल्या सात पिढ्या घडाघडा म्हणून मोकळे झाले आणि मला म्हणाले, "आता तुमचं होऊन जाऊ द्या!" माझी गाडी आजोबांपाशीच बंद पडली.

"असू द्या, असू द्या," म्हणत व्याह्यांनी माझ्या ताटात एक पुरी वाढली. अनाथाला वाढतात तशी! डोक्यात तिडीक गेली माझ्या.

"मी पणजोबा शोधणार!" लातूरला घरी पाऊल टाकताच मी जाहीर केलं.

"आधी तुमचा चष्मा शोधा," बायको म्हणाली.

आमचं मूळ गाव अहमदपूरकडचं, एवढंच वडील सांगायचे. म्हणून अहमदपूरची कचेरी गाठली. तिथल्या बाबूनं माझ्यापुढं एक गठ्ठा आदळला. धूळ खाली बसली तेव्हा दिसलं, सगळा निजामाच्या काळातला कारभार, उर्दूत!

"हे वाचून कोण देणार?" मी भडकलो.

"मला काय इच्यारता साहेब? आमचं काम सांभाळायचं हाय, वाचायचं न्हाई!"

(आणि आपण म्हणतो, सरकारी माणसाला आपलं काम ठाऊक नसतं!)

शेवटी आमच्या गल्लीतले, उर्दू शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी सोबत नेले. त्यांनी कागदावरून बोट फिरवत वाचलं, "गुरप्पा वल्द शिवप्पा." गुरप्पा म्हणजे माझे आजोबा. वल्द म्हणजे मुलगा. म्हणजे शिवप्पा पणजोबा! शेजारी गावाचं नावही होतं. मी गुरुजींना कचेरीतच मिठी मारली.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला की पुरतात, जाळत नाहीत. म्हणजे पणजोबा अजून जागेवरच असणार! बायकोला घेऊन त्या गावाच्या दफनभूमीत गेलो. पार कडेला, बांधाला लागून एक ओटा. वर दगडी नंदी, खाली झिजलेली अक्षरं: शिवप्पा. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. पण ओट्यावर दोन शेळ्या खुशाल बसलेल्या! माझ्या पणजोबांवर? असल्या शिव्या हासडल्या की शेळ्याच काय, बायकोही चार पावलं मागं सरली.

"अहो, बाकी सगळ्यांवर आडनाव आहे. यावर का नाही?"

"थोरांना आडनाव लागत नाही!"

पुढच्या सोमवारी पूजा ठरवली. मी स्वतः ओट्याला चुना मारला, नंदीला झेंडूचा हार घातला, भाऊकी बोलावली, आणि मुद्दाम, अगदी मुद्दाम, नीळकंठअप्पांना गाडी पाठवून आणलं. त्यांनी नारळ ठेवून माथा टेकला, तेव्हा मला त्या पुरीची परतफेड झाल्यासारखं वाटलं. मग मी बोलायला उभा राहिलो.

"आज मी जो काही आहे, तो यांच्या रक्तामुळं! हा करारीपणा, हे रुंद कपाळ..."

तेवढ्यात बांधापलीकडून डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या एक म्हाताऱ्या बाई आल्या.

"काय करून राहिलाव बाबा?"

"पणजोबांची पूजा."

"कुणाच्या?"

"माझ्या! शिवप्पा!"

बाईंनी भारा खाली टाकला. "आरं, शिवप्पा आमचा बैल व्हता की!"

"बैलाचं नाव शिवप्पा?" मी ओरडलो.

"मंग? सासऱ्यानं पोरावानी वाढीवला व्हता. त्यो गेला तवा घरात चूल न्हाई पेटली. म्हणून तर आमच्या बांधावर वटा बांधला. तुमची मसनवट त्या बाभळीच्या पल्याड!"

भाऊकी खाली बघू लागली. बायकोनं पदर तोंडात कोंबला. नीळकंठअप्पांनी पुढं होऊन आपला नारळ हळूच उचलला.

"करारीपणा मात्र खरा हं," ते म्हणाले.

मी तावातावानं चुन्याची बादली उचलून निघालो, तर बाईंनी माझा हात धरला. त्यांचे डोळे भरून आले होते. "आमची सख्खी लेकरं कधी हिकडं फिरकली न्हाईत. तू चुना मारलास, हार घातलास. पोळ्याला जेवाया ये बाबा. तू बी आता घरचाच."

खऱ्या पणजोबांचा अजून पत्ता नाही. पण पोळ्याला मी गेलो. पुरणपोळी उत्तम होती, आणि पंगतीत मला मानाचं पान होतं: शिवप्पाकडचा पाहुणा म्हणून!