बिनखिडक्यांचा डबा

रघुनाथ मिस्त्री गेल्याची बातमी मला वाचनालयाच्या फोनवर कळली. परत आलेल्या पुस्तकांवर मी तारखेचे शिक्के मारीत होते. पलीकडून त्यांचा मुलगा सुनील म्हणाला, "बाई, बाबा पहाटे गेले. झोपेतच." मी "बरं" म्हटले. फोन ठेवून मी उरलेल्या पुस्तकांवरही शिक्के मारले, आणि पुष्कळ वेळाने ध्यानात आले की त्या सगळ्यांवर आदल्या दिवसाची तारीख पडली आहे.

याला आता सात आठवडे झाले. मी लेखिका नव्हे. नाशिकरोडच्या एका लहानशा वाचनालयात ग्रंथपाल म्हणून माझा जन्म गेला. दुसऱ्यांनी लिहिलेले मी सांभाळले. साठीच्या उंबरठ्यावर प्रथमच काही लिहायला बसले आहे, ते केवळ एक गोष्ट मला तोंडाने सांगता आली नाही म्हणून.

मिस्त्री रेल्वेच्या कारखान्यात होते. इंजिनांच्या विजेच्या मोटारी तिथे दुरुस्तीला येत, आणि त्यांच्या पोटात तांब्याच्या तारांची वेटोळी नव्याने भरणे हे मिस्त्रींचे काम. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका दुपारी ते झेरॉक्स प्रतींचा एक जाड गठ्ठा घेऊन माझ्या टेबलापुढे उभे राहिले. लंडनमध्ये जमिनीखालून धावलेल्या पहिल्या विजेच्या गाड्यांचा तो इतिहास होता. बदलून गेलेल्या कुणा साहेबाने तो जाताना त्यांना दिला होता. मिस्त्रींचे शिक्षण सिन्नरकडच्या खेड्यातल्या मराठी शाळेत मॅट्रिकपर्यंत झालेले. मोटारीचे नकाशे ते सहज वाचीत. पुस्तकी इंग्रजी मात्र त्यांना येत नसे. "बाई, यात चित्रं दोनच हायेत," ते म्हणाले, "आणि ती मला पाठ झाली. बाकीचं वाचून सांगाल का?"

मी नाही म्हणू शकले नाही. मला कुणालाच नाही म्हणता येत नाही. वाचनालय रिकामे असे तो वार आणि ती वेळ ठरली, गुरुवारी दुपारी चार. मी एक परिच्छेद इंग्रजीतून वाचायचा, मग मराठीत त्याचा अर्थ सांगायचा. पान संपले की नीट समजलेल्या प्रत्येक परिच्छेदापुढे मिस्त्री समासात पेन्सिलीने एक बारीक खूण करीत. कारखान्यात स्वतः तपासलेल्या वेटोळ्यावर ते खडूने अशीच खूण करीत, आणि न तपासलेल्यावर ती कधी केली नाही, असे त्यांनी मला अभिमानाने सांगितले होते.

त्या पहिल्या इंजिनांत मोटारीच्या तारा थेट चाकांच्या आसावरच गुंडाळलेल्या होत्या, असे एका गुरुवारी वाचनात आले. मिस्त्री बराच वेळ हसत राहिले. मला त्यात हसण्यासारखे काही दिसेना, तेव्हा त्यांनी दोन पेन्सिली आणि माझे दोऱ्याचे रीळ घेऊन समजावले की अशी तार जळाली, तर ती बदलायला अख्खी चाकेच खालून काढावी लागणार. "लय धाडसाचे लोक, बाई. दुरुस्ती करणाऱ्याला विचारलं नाय कुणी." घरी मला एवढे काही सांगणारे कुणी नव्हते. आईच्या मागे मी एकटीच राहत होते. गुरुवारची मी वाट पाहू लागले होते, हे त्यांना कधी कळले की नाही, मला माहीत नाही.

त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी कारखान्याची एक स्मरणिका निघणार होती. मिस्त्रींनी तिच्यासाठी त्या गाडीच्या डब्याचे मोठे चित्र काढले. आमच्याकडच्या दोन चित्रांत फक्त इंजिन आणि मोटार होती; डबा त्यांनी मनाने रंगवला. दोन्ही बाजूंना ऐसपैस खिडक्या, त्यांना आपल्याकडच्यासारखे आडवे गज आणि वरखाली होणारी झडप. ते चित्र देण्याआधी मला दाखवायला म्हणून त्यांनी टेबलावर पसरले होते. मी त्या दिवसाचे वाचन सुरू केले आणि तिसऱ्याच परिच्छेदाशी अडखळले. त्या डब्यांना खिडक्याच नव्हत्या. भुयारात बघण्यासारखे काय असणार, अशा विचाराने छताजवळ काचेची अरुंद पट्टी तेवढी ठेवलेली. बाकी खालपासून वरपर्यंत गाद्या लावलेल्या भिंती. मी चित्राकडे पाहिले. गजांच्या रेषा त्यांनी किती जपून ओढल्या होत्या... मी तो परिच्छेद सोडला आणि पुढचा वाचला. पान संपल्यावर मिस्त्रींनी नेहमीप्रमाणे सगळ्या परिच्छेदांवर खुणा केल्या. त्यावरही केली.

स्मरणिका निघाली, आणि एका निवृत्त अभियंत्याने भर प्रकाशन समारंभात त्यांना विचारले, मिस्त्री, भुयारात एवढ्या खिडक्या कशाला ठेवल्या, द्राक्षांचे मळे बघायला? सगळे हसले. त्या गुरुवारी मिस्त्री आले, गठ्ठा माझ्यापुढे सरकवला आणि डब्यांना खिडक्या नव्हत्या असे यात लिहिले आहे का एवढेच विचारले. मी ते पान काढून त्या परिच्छेदावर बोट ठेवले. त्यांनी आपली खूण पाहिली. मग माझ्या टेबलावरचे खोडरबर उचलून ती पुसली, रबराचा कीस फुंकरीने उडवला आणि निघून गेले.

पुढचे तीन गुरुवार ते आले नाहीत. ते दिवस कसे गेले, ते लिहिणे मला जमणार नाही. चौथ्या गुरुवारी ते आले ते नवे चित्र घेऊन. डब्याच्या भिंती आता कोऱ्या होत्या. खुर्चीवर बसता बसता त्यांनी विचारले, "मग माणसं बघत काय होती, बाई?" बाके समोरासमोर होती, तेव्हा एकमेकांकडे बघत असतील, असे मी म्हणाले.

"अनोळखी माणसाकडं तोंड करून, इतका वेळ? अवघड हाय." थोड्या वेळाने ते म्हणाले, "एक करा. मला आवडो न आवडो, सोडू नका काही. मी तुमच्या डोळ्यांनी वाचतो."

त्यानंतर कित्येक वर्षे मी एक ओळही सोडली नाही. गठ्ठा दोनदा वाचून झाला. नवे शतक लागले, आणि गेल्या वर्षी मिस्त्री आजारी पडले. त्यांच्या पत्नी आधीच गेल्या होत्या. ते सुनील आणि सुनेकडे असत. त्यांना बसमध्ये चढवेना, म्हणून दर गुरुवारी मीच त्यांच्या घरी जाऊ लागले. एकदा सुनील मला फाटकातच भेटला. बाबांना नुसती कावीळ झाल्याचे सांगितले आहे, असे तो हलक्या आवाजात म्हणाला; पण त्यांनी इस्पितळाची फाइल उशाशी घेऊन ठेवली आहे आणि ते ती माझ्याकडूनच वाचून घेतील. शेवटचा परिच्छेद तेवढा सोडा, अशी त्याने विनंती केली. त्याचे डोळे भरून आले होते. मी मान हलवली.

मिस्त्री उशीला टेकून बसले होते. फाइल त्यांनी निमूट माझ्या हाती दिली. मी इंग्रजी वाचीत गेले, अर्थ सांगत गेले. शेवटच्या परिच्छेदाशी आले आणि थांबले. त्यांनी पुढचे विचारले नाही, घाईही केली नाही. फक्त माझ्याकडे पाहत राहिले. मी वाचले. रोग यकृतात पसरला आहे. शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. यापुढे वेदना कमी ठेवणे एवढेच उपचार. काळ फार नाही. मराठीत सांगताना माझा आवाज अगदी बारीक झाला होता, तरी मी सगळे सांगितले.

त्यांनी फाइल मिटून पुन्हा उशाशी ठेवली. मग म्हणाले, "सुन्यानं सोडायला सांगितलं असंल." मी हो म्हणाले. "त्याला बोलू नका. बापाला जपतोय, जपू द्या त्याला. मी हाय तोवर बोलू नका."

मी बोलले नाही. त्या दिवसानंतर मिस्त्री सिन्नरला बहिणीकडे दोन दिवस राहून आले, आपली हत्यारे कारखान्यातल्या एका सहकाऱ्याला देऊन टाकली, आणि सुनीलला रोज सकाळी आज बरे वाटतेय म्हणून सांगत राहिले. तेराव्याला मी गेले, तेव्हा सुनीलने सगळ्यांसमोर मला हात जोडले. तुमच्यामुळे बाबा शेवटपर्यंत निर्धास्त राहिले, असे तो म्हणाला. मी त्याचे हात खाली करायला गेले, पण खरे ते सांगितले नाही. नंतर दोनदा त्याच्या घरी जाऊन मी नुसता चहा पिऊन परतले. न केलेल्या गोष्टीबद्दल त्याने माझे आभार मानले होते, आणि ते मी तसेच ठेवून घेतले होते.

इथवर लिहून झाल्यावर, छापायला देण्याआधी, काल मी हा मजकूर घेऊन त्याच्याकडे गेले. म्हटले, मला बोलता येत नाही, वाचून दाखवते. तो समोर बसला. फाइलीच्या प्रसंगाशी माझा आवाज पुन्हा बारीक झाला. तरी मी थांबले नाही, काही गाळले नाही. संपल्यावर त्याने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. आतून त्याची बायको आली, आमच्याकडे पाहिले आणि परत गेली.

मी कागद आवरू लागले, तसा तो म्हणाला, "थांबा ना, बाई. 'जपू द्या त्याला' म्हणाले ते... तेवढं परत वाचा."

मी पुन्हा खाली बसले आणि ते पान काढले.