कुणीच न मागवलेले बूट

ती केस मला आजही जशीच्या तशी आठवते, आणि आठवली की आजही राग येतो. जिंकलेल्या केसचा कसला राग, असं लोक विचारतात. पुढे वाचा, म्हणजे कळेल.

मी माजी पोलीस अधिकारी आहे असं सांगितलं की समोरचा आधी माझ्या केसांकडे बघतो. एकही पांढरा नाही. दिल्लीत सब-इन्स्पेक्टर होते, सायबर तक्रारींच्या टेबलावर बसत होते, आणि पस्तिशी गाठायच्या आत राजीनामा देऊन बाहेर पडले. आता सोसायट्यांमध्ये, बुद्धविहारांमध्ये, कारखान्यांच्या गेटवर पत्रकं वाटते. या केसमधल्या कुणाचंही नाव मी घेणार नाही. पोलीस ठाण्याचंही नाही.

ठाण्यातली सकाळ हजेरीने सुरू होते आणि हजेरी संपायच्या आत बाकड्यावर माणसं येऊन बसलेली असतात. त्या दिवशी एक गृहस्थ बसत नव्हते. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात केंद्रीय मंत्रालयाचं ओळखपत्र. दारापर्यंत यायचे, परत फिरायचे. शेवटी माझ्या टेबलापाशी आले.

"जय भीम, मॅडम. पाटीवरचं आडनाव वाचलं, म्हणून आत आलो."

"जय भीम. बसा काका. काय झालं?"

"तक्रार द्यायची आहे. आणि द्यायची नाहीसुद्धा."

काका मूळचे अकोल्याकडचे, सेक्शन ऑफिसर, द्वारकेच्या एका सोसायटीत राहणारे. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांनी एका ऑनलाइन दुकानात खातं उघडलं होतं. चार वस्तू मागवल्या, मग दुसरं ॲप आलं, हे खातं विसरून गेले. त्या खात्यावर 'आत्ता घ्या, पैसे नंतर द्या' अशी उधारीची सोय कंपनीने आपणहून चालू करून ठेवली होती. काकांना पत्ताही नाही. आता त्याच उधारीवर महागडे मोबाइल घेतले गेले होते. खात्याला जोडलेला ईमेल काकांनी कित्येक वर्षांत उघडलेला नव्हता. कळलं कसं? वसुलीवाल्याने थेट ऑफिसात फोन करून त्यांच्या साहेबांना सांगितलं की तुमचा माणूस कर्जबुडवा आहे.

"मग द्या ना तक्रार. अडलंय कुठे?"

काका आवाज खाली आणून म्हणाले, "कंपनी म्हणते, घरातल्याच कुणाचं तरी काम आहे. घरात मी, बायको आणि माझा पुतण्या."

पुतण्या परीक्षा द्यायला दिल्लीत आलेला, काकांकडेच राहणारा. तीन-चार वेळा आपटला आणि आता केंद्रीय दलात सब-इन्स्पेक्टर म्हणून निवडला गेला होता. नेमणुकीआधी एकच पायरी उरली होती, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. ती कागदपत्रं आमच्याच ठाण्यात येणार होती, माझ्या शेजारच्या टेबलावर. तक्रारीत संशयित म्हणून पोराचं नाव लागलं, की सगळं संपलं. काका म्हणूनच दारात घुटमळत होते.

मी तक्रार लिहून घेतली आणि कंपनीला नोटीस पाठवली. उत्तर आलं ते असं. ओटीपी नोंदणीकृत मोबाइलवर गेला, बरोबर भरला गेला, पहिली वस्तू नोंदणीकृत पत्त्यावर पोहोचली, सबब सर्व व्यवहार खातेदाराचे किंवा त्याच्या कुटुंबीयांचे आहेत. सोबत डिलिव्हरीचा फोटो. द्वारकेचं तेच घर, तोच दरवाजा, आणि खोकं हातात घेऊन उभा असलेला पुतण्या!

आमच्या इन्स्पेक्टर साहेबांनी फोटो बघितला आणि फाइल मिटली. "घर का मामला है, मैडम. लड़के को बुलाओ, दो घंटे बिठाओ, बोल देगा."

"सर, पुढचे मोबाइल मात्र हरयाणात, मानेसरच्या पत्त्यावर गेलेत."

"तो यार-दोस्त होगा मानेसर में."

पोलिसांना घरातला चोर फार आवडतो. लांब जावं लागत नाही, गाडी लागत नाही, दुसऱ्या राज्याची हद्द लागत नाही. कंपन्यांना तर तो आणखी आवडतो, कारण चोर घरातला निघाला की आपल्या दाराला कडी का नव्हती, हे कुणी विचारत नाही. हे मी तेव्हा मनात म्हणायचे. आता चौकात उभी राहून म्हणते.

पुतण्याला मी बोलावलं. उंच, काटक, धावून धावून पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या. खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. काका-काकू बाहेर बाकावर.

"हे पार्सल तू घेतलंस?"

"हो मॅडम. गेटवरून इंटरकॉमवर फोन आला, मी वर घेतलं."

"कुणाचं होतं?"

"माहीत नाही. आमच्याकडे रोजच येतात. मी काकूंना दिलं."

"आत काय होतं?"

इथे तो गप्प झाला. चौकशीत गप्प बसणाऱ्यांच्या जाती असतात. खोटं जुळवणारा डोळे फिरवतो, घाबरलेला घसा साफ करतो. हा लाजला होता. खरंच सांगते, कान लाल झाले होते त्याचे.

"बूट होते. काकूंनी मला दिले. म्हणजे, माझ्या पलंगाखाली ठेवले."

"मग लाजतोस काय?"

"ते मला होत नाहीत, मॅडम. दोन साइज मोठे आहेत. पण काकूंनी निवड झाली म्हणून हौसेने आणले असणार. त्यांच्याच घरात राहतो, त्यांचंच खातो, वर तोंड करून म्हणू की बूट मोठे आहेत?"

मी उठले, बाहेर गेले आणि काकूंना विचारलं, "काकू, पुतण्यासाठी बूट तुम्ही आणलेत?"

"मी? छे! त्यानेच मागवले. खोकं उघडलं तर काळे जाडजूड बूट, मला वाटलं ट्रेनिंगचे असतील. म्हटलं, पोराने आपल्या पैशाने घेतलेत, तर आपण चौकशा कशाला करायच्या? उद्या म्हणेल, काकू हिशेब विचारते."

काका मध्येच म्हणाले, "आणि मला वाटलं, तू आणलेस."

"तुम्हाला वाटलं, तर विचारायला काय झालं होतं तुम्हाला?"

"तुला विचारून कधी उत्तर मिळालंय मला?"

माझ्यासोबतची हरयाणवी महिला शिपाई हसायला लागली. तिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण नवरा-बायकोची ही भाषा सगळीकडे एकच असते.

म्हणजे बघा. घरात एक खोकं येतं. तिघेही ते हाताळतात. तिघांनाही वाटतं, दुसऱ्याने मागवलं. आणि एकमेकांचं मन दुखवायला नको म्हणून तिघेही गप्प. हा संकोच आपल्या घरांमध्ये संस्कार म्हणून शिकवतात. कंपनीच्या संगणकात त्याची नोंद 'वस्तू स्वीकारली' अशी होते, आणि पोलीस डायरीत 'संगनमत'!

मी बूट मागवून घेतले. हातात घेतले तर एकदम जड. पुढचा भाग अंगठ्याने दाबला, दबला नाही. आत पोलादी वाटी होती. पुतण्याला विचारलं, "असे बूट घालून दौड मारतात का रे?"

"पाय मोडेल, मॅडम."

हे कारखान्याचे बूट. प्रेस मशीनपाशी, लोखंडाच्या फर्म्यांपाशी उभं राहणारा माणूस घालतो ते. कायम कामगाराला कंपनी देते. ठेकेदाराच्या माणसाला सांगतात, स्वतःचे आण नाहीतर गेटवरून परत जा. मानेसर माझ्या डोक्यात आधी नुसता पत्ता होता. आता त्याला पाय फुटले.

मग मी काकांना तो प्रश्न विचारला, जो कंपनीने, वसुलीवाल्याने, आमच्या साहेबांनी, कुणीच विचारला नव्हता. "काका, खात्याला जोडलेला मोबाइल नंबर कुठे आहे?"

"तो? तो तर कधीचा बंद झाला. दुसरं सिम घेतलं, त्याचं रिचार्ज मारणं सोडून दिलं."

बंद पडलेला नंबर मरत नाही. काही काळ पडून राहतो आणि मग मोबाइल कंपनी तोच नंबर नव्या माणसाला विकते. काकांचा नंबर आता दुसऱ्याच कुणाच्या खिशात वाजत होता आणि काकांच्या खात्याचे ओटीपी तिथे जात होते. वसुलीसाठी काकांचं ऑफिस ऑनलाइन दुकानवाल्यांनी चुटकीसरशी शोधून काढलं. माल विकताना मात्र जुना नंबर अजून त्यांचाच आहे का, हे तपासायचं कुणाला सुचलं नाही.

मी साहेबांकडे गेले. नेमकी त्याच दिवशी पुतण्याची पडताळणीची कागदपत्रं येऊन पडली होती. साहेब म्हणाले, "लिख दो, शक के दायरे में है. बाद में देखेंगे."

"सर, बाद में त्याची जागा दुसऱ्याला गेलेली असेल. मला फक्त मानेसरला जाऊ द्या. रिकाम्या हाताने आले तर तुम्ही म्हणाल ते लिहीन."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग बुटांकडे बघितलं. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. "जाओ. लेकिन लोकल थाने में आमद करवाना."

मोबाइल कंपनीकडून नव्या ग्राहकाचा तपशील आला. बिहारचा एक तरुण, मानेसरमध्ये एका सुट्या भागांच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. सिम त्याने दिल्लीच्या हद्दीवर रस्त्याकडेला छत्री लावून बसणाऱ्याकडून घेतलं होतं. आम्ही स्थानिक ठाण्यात नोंद केली, शेअर ऑटोने त्याच्या खोलीवर गेलो. दार उघडलं. वर्दी बघून पळेल म्हणून माझी शिपाई जिन्यात उभी होती. आणि तो काय म्हणाला?

"मैडम, मेरे जूते मिल गए क्या?"

मी नोकरीत बरंच ऐकलं. पण पोलिसांना बघून आपले बूट मागणारा चोर मी पाहिला नव्हता, आणि हा चोर नव्हताच. त्याने आपला नवा नंबर टाकून ॲप उघडलं, बूट मागवले. ॲपने तो नंबर ओळखला आणि काकांचं जुनं खातं उघडून दिलं. बूट त्यात आधीच भरलेल्या पत्त्यावर, द्वारकेला गेले, तेही उधारीवर. हा दारात पैसे घेऊन वाट बघत बसला. बूट आले नाहीत म्हणून ऑटो स्टँडजवळच्या मोबाइल दुकानात विचारायला गेला.

"दुकानवाले भैया ने देखा, बोले फोन में गड़बड़ है, छोड़ जाओ. वापस दिया तो बोले, जूते भूल जाओ."

तारखा जुळवल्या. काकांच्या खात्यावरून मोबाइल मागवले गेले ते या पोराचा फोन दुकानात असताना. आणि मानेसरचा तो पत्ता, जिथे मोबाइल पोहोचले, त्या दुकानाच्या मागच्या गल्लीचा होता.

दुकानदार गोरागोमटा, केसांना जेल, बोलायला एकदम गोड. "मैडम, कस्टमर का फोन, कस्टमर का ओटीपी. गरीब आदमी है, लालच आ गया होगा. उसको पकड़िए."

मी म्हटलं, "बिल्कुल. पकडते. तुमचा फोन द्या जरा, साहेबांना कळवते, माझा डिस्चार्ज झालाय."

मोठ्या ऐटीत त्याने खिशातून फोन काढून दिला. चकचकीत, कोरा. मी साहेबांना फोन लावला नाही. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश, एवढंच दाबलं. हे दाबलं की प्रत्येक हँडसेट आपला जन्मापासूनचा आयएमईआय क्रमांक पडद्यावर दाखवतो. काकांच्या नावाने फाडलेली बिलं माझ्या बॅगेत होती. अंक जुळवत गेले. शेवटच्या अंकापर्यंत जुळले.

"भैया," मी म्हटलं, "हा फोन तर आमच्या काकांचा आहे."

त्याचा चेहरा उतरला. फोन परत घ्यायला त्याने हात पुढे केला. काउंटरखाली आणखी तसेच सीलबंद डबे निघाले. पंचनामा केला, ताब्यात घेतलं. दुसऱ्या दिवसापर्यंत त्याने कबूल केलं की नव्या सिमवर कुणाचं जुनं खातं उघडतंय का, हे तपासायचा त्याचा नेमच होता. काका पहिले नव्हते.

बिहारच्या त्या पोराला आम्ही आरोपी केलं नाही, साक्षीदार केलं. बूट मुद्देमालात जमा, म्हणून काकांनी स्वतः बाजारातून तसेच नवे घेतले आणि पुतण्याबरोबर मानेसरला पाठवले. या वेळी साइज विचारून.

मी कंपनीला सणसणीत नोटीस काढली. उधारीची मागणी रद्द झाली आणि काकांच्या साहेबांना लेखी माफीपत्र गेलं. काकांनी ते ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं, हे मला नंतर कळलं. बरं केलं.

मग साहेबांनी पडताळणीचा कागद मागवला. पेन उघडलं. 'प्रतिकूल काही आढळले नाही' असं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, सही केली, शिक्का मारला. खोलीत काका, काकू, पुतण्या उभे होते. काकूंनी पेढ्यांचा डबा पुढे केला. साहेब म्हणाले, "मैडम को पहले दीजिए." मी दोन घेतले. अजिबात संकोच केला नाही.

पुतण्या रुजू झाला. आज तो अंगावर वर्दी घालतो.

आता रागाबद्दल. आरोपपत्रात दुकानदार आला, आणि यायलाच हवा होता. पण दार सताड उघडं ठेवून ग्राहकालाच चोर म्हणणारे कंपनीवाले त्यात कुठेच नव्हते. त्यांच्यासाठी रकानाच नव्हता. म्हणून मी ठाण्यातून उठले आणि रस्त्यावर आले.

या केसने मला तीन गोष्टी शिकवल्या, त्याच प्रत्येक पत्रकावर सगळ्यात वर छापते. जुना नंबर सोडण्याआधी त्याला जोडलेली सगळी खाती सोडवा. घरात न मागवलेलं काही आलं तर त्याच दिवशी मोठ्याने विचारा, कुणी रागावलं तरी चालेल. आणि समोरचा साहेब म्हणाला की घरातलाच कुणीतरी आहे, तर त्याला उलट विचारा, तुम्ही घराबाहेर बघितलंत का? त्या पोराची वर्दी या एका प्रश्नावर वाचली. तुम्हीही विचारा.